आधी एक ट्रक विका, कंपनी नंतर काढा

गावात चार पोरं पारावर बसली की विषय निघतोच, आपण पण शेतकरी कंपनी काढू. मग कुणीतरी नाशिकच्या मोहाडीतल्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीचं नाव घेतं, दुसरा म्हणतो अनुदान मिळतंय म्हणे, आणि आठवड्याभरात सीएचं कोटेशन, लोगो, वॉट्सॅप ग्रुप सगळं तयार. माल मात्र अजून कुणीच विकलेला नसतो. सह्याद्री आज कितीही मोठी दिसत असली तरी सुरुवात एकट्या द्राक्षापासून झाली होती, पहिल्या दिवसापासून इतकी पिकं नव्हती, हे विसरायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या सीझनला काही रजिस्टर वगैरे करू नका. दहा जणांचा एक ट्रक माल एकत्र विका. त्यात जी भांडणं होतील ती फुकटात शिकवतील. आम्ही लातूरकडचे, आमच्याकडे खरीप म्हणजे सोयाबीन, म्हणून उदाहरण त्याचंच देतो, तुमच्याकडे हळद नाहीतर हरभरा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच.

दहा माणसं निवडताना सगळे एकाच भावकीतले घेऊ नका, नाहीतर एका बांधाच्या भांडणात अख्खा ग्रुप बसतो. स्वतःच्या नावावर सातबारा असलेल्या दोनतीन बायका घ्याच, उपकार म्हणून नाही, हिशोबाला त्या जास्त चिवट असतात, आमच्याकडची वही अजून एका वहिनींकडेच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने आडत्याकडून उचल घेतलीय त्याला पहिल्या ट्रकमध्ये घेऊ नका. राग येईल त्याला, येऊ द्या. त्याने जूनमध्ये बियाण्याला, मुलीच्या लग्नाला पैसे उचललेत आणि माल तिकडेच घालायचा शब्द दिलाय, ऐनवेळी त्याचे तीस कट्टे येणार नाहीत आणि तुमचा ट्रक अर्धा राहील. लोक म्हणतात शेतकऱ्यात एकी नाही, अहो एकी असते, मान अडकलेली असते. आडत्याला पण शिव्या घालून उपयोग नाही, रात्री दहाला दवाखान्यासाठी पैसे तोच देतो, आपण नाही देऊ शकत अजून.

माल गोळा करायच्या आधी गिऱ्हाईक ठरवा. तेलाच्या प्लांटला फोन करा आणि नुसता भाव विचारू नका, भाव तर सगळ्यांच्या मोबाईलवर येतोच. विचारायचं हे: मॉइश्चर म्हणजे दाण्यातला ओलावा किती टक्क्यांपर्यंत कपात नाही (बहुतेक ठिकाणी १० धरतात, हमीभाव केंद्रावर १२), त्याच्या वर एका पॉइंटला, म्हणजे एका टक्क्याला किती कापणार, माती आणि डागी किती चालेल, वजन कुणाच्या काट्याचं धरणार, गाडी खाली करायची हमाली कुणाची, आणि पेमेंट किती दिवसांनी. सगळं मेसेजवर लिहून घ्या. भावात शंभर रुपये जास्त देणारा कपातीत दीडशे काढून घेतो, हे आम्ही दोन प्लांट फिरल्यावर शिकलो.

आता गोळा करायचा दिवस. लागतं काय, एक इलेक्ट्रॉनिक काटा, एक चाळणी, एक मॉइश्चर मीटर, बारदाना आणि एक वही. मीटर आणला की आधी एक किलोचं सँपल घेऊन प्लांटवर जा आणि त्यांच्या मीटरशी जुळवून बघा, आपला ११ दाखवतो तेव्हा त्यांचा १२ दाखवत असेल तर आपण आपल्याकडे ९ लाच माल घ्यायचा, म्हणजे तिकडे १० भरेल.

आमची पहिली गाडी इथेच आपटली. आम्ही प्रत्येकाच्या एकाच कट्ट्यातलं वरचं मूठभर दाणे घेऊन मोजत होतो, सगळं छान १०, साडेदहा. एका तात्यांचे कट्टे ओसरीत भिंतीला लावून ठेवलेले, परतीचा पाऊस भिंतीखालून आत आलेला, वरून कडक आणि बुडाला ओल. लोड करताना ते कट्टे शेवटी चढले, म्हणजे नेमके गाडीच्या मागच्या फाळक्याजवळ. प्लांटवर त्या माणसाने पोकळ सळई खुपसली ती नेमकी त्यातच, आणि सगळ्या १०० क्विंटलला २ पॉइंट कापले. २ क्विंटल गेले, त्या दिवशीच्या ४,५०० च्या भावाने ९ हजार. परत येताना गाडीत कुणी बोलेना, मग तात्याच म्हणाले, "माझ्या पट्टीतनं कापा सगळे." आम्ही दहा जणांत वाटून घेतले, पण दुसऱ्या खेपेपासून नियम केला, प्रत्येक कट्टा आडवा पाडून बुडातलं सँपल, आणि कट्ट्यावर मालकाचा नंबर रंगाने. कुणाचं तोंड वाकडं झालं तरी चालेल.

अजून एक भांडण शंभर टक्के होणार म्हणून आधीच सांगतो. १४ मॉइश्चरचा १०० क्विंटल माल वाळवून १० वर आणला तर तो ९५.५ क्विंटलच भरतो. पाणीच उडतं, कुणी चोरत नाही. पण घरून ५० किलो मोजून आणलेला कट्टा दोन दिवस खळ्यावर पसरल्यावर ४८ च्या आत भरला की माणूस तुमच्याकडे संशयाने बघतो. म्हणून वाळवायचं काम ज्याचं त्याने घरी करायचं, ग्रुपने फक्त वाळलेला माल तोलायचा. चाळणीतून निघालेलं मातेरं पण फेकू नका, पिशवीत भरून ज्याचं त्याला परत द्या, डोळ्याने दिसलं की वाद मिटतो. दुधाच्या सोसायट्या उगाच नाही चालल्या, अमूलच्या आणंद पद्धतीत हेच आहे, सभासदासमोर माप, सभासदासमोर फॅट.

पैसे ज्याचे त्याच्या खात्यात, आणि प्लांटच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर. भाडं, हमाली, बारदाना वजा करून क्विंटलला काय पडलं आणि त्याच दिवशी बाजार समितीत काय पडलं असतं, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. फरक ५० रुपयेच निघाला तर ५० लिहा, फुगवू नका, गावात हिशोब सगळ्यांनाच येतो. ज्याला पैशाची घाई नाही आणि भाव पडलेत असं वाटतं त्याने बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघावी, सोयाबीन, तूर गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी, व्यापाऱ्याचा माल त्यात चालत नाही.

असे दोन सीझन गेले आणि माणसं टिकली की मग कागदं. दोन रस्ते आहेत. सहकारी संस्था, म्हणजे १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, वेगवेगळ्या कुटुंबातले किमान १० जण, सहाय्यक निबंधकाचं ऑफिस. दुसरा, प्रोड्युसर कंपनी, म्हणजे पारावरची ती शेतकरी कंपनी, कंपनी कायद्याखाली, किमान १० उत्पादक, संचालक ५ ते १५, आणि पगारी सीईओ ठेवावा लागतो. दोन्हीकडे ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त असं नाही, एका माणसाला एकच मत. मला कंपनी बरी वाटते कारण निबंधक ऑफिसच्या चकरा आणि सोसायटीचं राजकारण दोन्ही कमी, पण खर्च जास्त आणि कागद विसरलात तर मार जास्त. वार्षिक रिटर्न उशिरा भरलं की एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये, दोन फॉर्म असतात, वर्ष गेलं तर ७० हजारांच्या वर. ओळखीच्या एका कंपनीला तर व्यवहार शून्य असताना हा दंड बसला, त्यांना वाटलं धंदाच नाही तर भरायचं काय. बंद दुकानाला पण रिटर्न भरावंच लागतं.

अनुदानाचं बोलायचं तर केंद्राची १० हजार एफपीओची (शेतकरी उत्पादक संस्थांची) योजना २०२० ला आली, तीन वर्षात १८ लाखांपर्यंत खर्चाला मदत, सपाट भागात ३०० सभासदांची अट, पण ते १० हजारांचं टार्गेट २०२५ च्या फेब्रुवारीत पूर्ण झालंय, त्यामुळे कुणी एजंट त्या नावाने पैसे मागत असेल तर चहा पाजून वाटेला लावा. अनुदानासाठी गोळा केलेले ३०० सभासद मीटिंगला ११ येतात आणि माल ४ घालतात.

नफा वाटताना शेअरवर कमी आणि घातलेल्या मालावर जास्त ठेवा, कायद्यात पण मालाप्रमाणे बोनस द्यायची सोय आहे. नाहीतर शेअर घेऊन बसलेला पुण्याचा चुलतभाऊ आणि दरवर्षी चाळीस कट्टे घालणारा, दोघं सारखेच होतात. काट्यावरच्या पोराला पहिल्या दिवसापासून पगार द्या, दोन हजार का असेना, फुकट राबणारा दिवाळीनंतर येत नाही. काट्याला दरवर्षी सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्या, सभासद सोडून बाहेरच्यांचा माल विकत घ्यायचा असेल तर पणन संचालनालयाचा थेट पणन परवाना काढा.

डाळ मिलचा मोह सगळ्यांना होतो, आम्हालाही झाला होता. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, मिल दोनतीन महिने चालते आणि हप्ता बारा महिने. खेळतं भांडवल नसेल तर तूर साठवणार कशाने? त्यापेक्षा आधी मे महिन्यात सगळ्यांचं खत-बियाणं एकत्र घ्या, मशीन नको, शेड नको, फक्त यादी आणि आगाऊ पैसे, आणि माल पक्क्या बिलावर लायसनवाल्या दुकानातून.

यंदा करायचंच असेल तर पोळ्याच्या आधी दहा जणांना बसवा, दसऱ्याला काढणी अंगावर येते तेव्हा कुणाला फोन उचलायला वेळ नसतो. पहिल्या मीटिंगला फक्त दोन गोष्टी, प्रत्येकाचा अंदाजे किती क्विंटल माल आणि कुणाची कुठे उचल. उचलीचं चारचौघात कुणी सांगत नाही, ते घरी जाऊन विचारा.