मागे पडलेल्या कॅमेरा ब्रँडला गिऱ्हाईक परत हवंय? मग या चुका टाळा

लगीनसराईच्या तोंडावर सोलापुरात कॅमेरा घ्यायला निघालेला फोटोग्राफर मेगापिक्सेल सगळ्यात शेवटी विचारतो. फोटो साठवायची दोन मेमरी कार्डं बसतात का, जुन्या लेन्स चालतील का, बिघडला तर दुरुस्ती कुठे, हे त्याचे पहिले प्रश्न. खप घसरला की कंपन्या जाहिरात वाढवतात आणि हे प्रश्न तसेच राहतात.

कार्डाचंच बघा. निकॉनने 2018 मध्ये झेड 6 आणि झेड 7 हे कॅमेरे आणले. फोटो उत्तम, पण कार्डाचा स्लॉट एकच. लग्नात अक्षता एकदाच पडतात. सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळाही वर्षातून एकदाच. त्या क्षणी कार्ड दगा देऊन गेलं तर नवरीच्या वडिलांना काय सांगायचं? 2020 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत दोन स्लॉट आले, पण धंदा करणाऱ्याला दोन वर्षं थांबणं परवडत नाही. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बाजारात आणण्याआधी ती चार लग्नं करणाऱ्या माणसाच्या हातात द्या, हा साधा उपाय आहे.

दुसरी चूक, जुन्या लेन्सवाल्याला वाऱ्यावर सोडणं. जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे कपाटातली चांगली, पण स्वतःची मोटर नसलेली 50 एमएम डी लेन्स झेड बॉडीवर हाताने फोकस करावी लागते. अशा माणसाला निदान एक्स्चेंजमध्ये लेन्सचा रास्त भाव मिळायला हवा. नाहीतर सगळंच नवीन घ्यायचं तर हाच ब्रँड का, असं तो म्हणणारच.

माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा, दुसऱ्या लेन्स कंपन्यांसाठी कुलूपबंद ठेवू नका. टॅमरॉनच्या लेन्स 2022 मध्ये आणि सिग्माच्या 2023 मध्ये निकॉनच्या झेड माउंटवर आल्या, तेव्हा कमी बजेटवाल्यालाही पर्याय मिळाला.

गप्प राहणं तर सगळ्यात महागात पडतं. ऑलिम्पसचा कॅमेरा व्यवसाय जानेवारी 2021 मध्ये नव्या कंपनीकडे गेला. माउंट तोच राहिला, जुन्या लेन्स चालतात. पण हे दुकानदारापर्यंत पोचलं नाही तर “ती कंपनी बंद पडली” एवढंच काउंटरवर ऐकू येणार. फर्मवेअरचंही, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरचंही, तेच. निकॉनच्या झेड 9 ला फुकट अपडेटमधून खास पक्ष्यांसाठी फोकसचा वेगळा पर्याय मिळाला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर पक्षी टिपायला जाणाऱ्यांना तो दाखवा की!

पेंटॅक्सने 2024 मध्ये पेंटॅक्स 17 हा फिल्म कॅमेरा आणला. अर्धी फ्रेम, म्हणजे 36 च्या रोलमध्ये 72 फोटो. सगळ्यांच्या मागे न धावता आपलं गिऱ्हाईक ओळखलं, हे मला मनापासून आवडलं.

आणि सर्व्हिस. ऐन सीझनमध्ये बॉडी कुरिअरने पुण्याला पाठवून वाट बघत बसायची, यात माणूस ब्रँड बदलतो. प्रत्येक तालुक्यात सेंटर कोणी मागत नाही. सीझनआधी सोलापुरात सेन्सर सफाईचं शिबिर घ्या, आणि दुरुस्तीला गेलेल्या बॉडीच्या बदल्यात तेवढ्या दिवसांपुरती दुसरी बॉडी द्या.