हरळी नव्हे, लव्हाळा होता तो

उसाच्या लागणीत दोन वर्षं हरळी समजून जे खुरपत होतो, तो निघाला लव्हाळा. खुरपून आठवडा होत नाही तोच कोंब परत वर. वैतागून ट्रॅक्टरचा रोटर मारला, तर जमिनीतल्या गाठींच्या माळा तुटून रानभर पांगल्या. माझीच अक्कल!

दांडा चिमटीत धरून फिरवला तेव्हा उलगडा झाला. लव्हाळ्याचा दांडा तिधारी, बोटांना कडा लागतात. हरळीचा गोल, पेराचा, आणि ती जमिनीवर पेरापेराला मुळं धरत पळते. खोल उकरल्यावर काळपट, वासाच्या गाठी सापडल्या. आयुर्वेदातला मोथा म्हणतात तो हाच. मुळात हे गवतच नाही, मोथ्याच्या कुळातलं तण आहे. म्हणूनच नुसतं गवत मारणारी औषधं वाया गेली.

मग लव्हाळा ३-४ पानांवर असताना, वाफसा (जमिनीत बेताची ओल) बघून, हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तणनाशक एकरी ३६ ग्रॅम फवारलं. हळूहळू पिवळा पडत गेला. उरलेल्या गाठी पुन्हा फुटल्याच, त्या बांधाकडच्या पट्ट्यात जास्त. ऊस निघाल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट केली, वर आलेल्या गाठी वेचून उन्हात वाळवल्या. औषध घेताना लेबल मात्र वाचा. आंतरपीक असेल तर फवारू नका.