सोलरमधील इंडेक्स वारंवार बदलत असल्यास कमिट कसे आखावेत

विक्रीच्या संकेतस्थळावर वस्तूंचा साठा आणि किंमत सतत बदलत असते. अशा ठिकाणी शोधासाठी अपाचे सोलर हा शोध-सर्व्हर वापरला, तर काही काळाने शोध अडखळू लागल्याची तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा दोष दस्तऐवजांच्या (शोधात येणाऱ्या नोंदींच्या) संख्येचा नसतो. ॲप्लिकेशन प्रत्येक बदलामागोमाग कमिट (पाठवलेले बदल पक्के करण्याची किंवा शोधात दिसू देण्याची आज्ञा) पाठवत असते, तिथे खरी अडचण असते.

सोलर ज्या ल्यूसीन या शोध-लायब्ररीवर उभा आहे, त्यात इंडेक्स (शोधासाठी तयार केलेली सूची) सेगमेंट नावाच्या तुकड्यांमध्ये साठवला जातो आणि एकदा लिहिलेल्या सेगमेंटमधील मजकूर पुन्हा बदलला जात नाही. त्यामुळे दस्तऐवज सुधारताना जुन्या नोंदीवर वगळल्याची खूण होते आणि नवी नोंद नव्या सेगमेंटमध्ये जाते. शोध घेणारा सर्चर इंडेक्सची एका क्षणाची स्थिती पाहत असतो. पुढचे बदल दिसावेत म्हणून नवा सर्चर उघडावा लागतो आणि जुन्या सर्चरच्या फिल्टर व निकालांच्या कॅशे (पुन्हा वापरण्यासाठी जपलेली उत्तरे) त्याच्याबरोबरच संपतात. दर सेकंदाला नवा सर्चर उघडणारा सर्व्हर कॅशे भरण्यातच दमून जातो.

पहिली पायरी: बदल किती उशिरा दिसला तर चालेल, हे ठरवा. व्यवसाय सांभाळणाऱ्यांना विचारल्यास ‘लगेच’ हेच उत्तर मिळते. पण अंतिम साठा खरेदीच्या वेळी मूळ डेटाबेसमधूनच तपासला जात असेल, तर शोधात तो अर्धा मिनिट जुना दिसल्याने सहसा काही बिघडत नाही. ही चर्चा टाळून केलेली तांत्रिक जुळवाजुळव फार काळ टिकत नाही, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी: ॲप्लिकेशनमधील कमिटच्या सर्व आज्ञा काढून टाका आणि वेळापत्रक सोलरच्या कॉन्फिगरेशन फाइलकडे सोपवा. २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून सोलरमध्ये दोन प्रकारचे कमिट आहेत. हार्ड कमिट बदल डिस्कवर पक्के करतो व नवा ट्रान्झॅक्शन लॉग (आलेल्या बदलांची क्रमवार नोंद) सुरू करतो. सॉफ्ट कमिट बदल शोधात दिसू देतो, पण ते डिस्कवर पक्के करत नाही. ऑटो कमिटची (आपोआप होणाऱ्या हार्ड कमिटची) मुदत १५,००० मिलिसेकंद ठेवून त्यातील नवा सर्चर उघडण्याचा पर्याय बंद ठेवा आणि ऑटो सॉफ्ट कमिटला पहिल्या पायरीत ठरलेली मुदत द्या. केवळ सॉफ्ट कमिटवर विसंबल्यास ट्रान्झॅक्शन लॉग फुगत जातो, आणि सर्व्हर अचानक बंद पडल्यास पुन्हा सुरू होताना तो सगळा लॉग नव्याने वाचण्यात बराच वेळ जातो.

तिसरी पायरी: दस्तऐवज एकेक न पाठवता शेकड्यांच्या गठ्ठ्यांनी पाठवा.

चौथी पायरी: कॅशेचे ऑटोवॉर्म आवरते घ्या. नवा सर्चर कामाला लागण्यापूर्वी जुन्या कॅशेतील काही नोंदी पुन्हा तयार केल्या जातात; हे काम सॉफ्ट कमिटच्या मुदतीपेक्षा लांबले, तर एक सर्चर तयार होत असतानाच दुसरा रांगेत येतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये सर्चर एकमेकांवर आल्याचा इशारा उमटतो. अशा वेळी एकाच वेळी तयार होणाऱ्या सर्चरांची कमाल मर्यादा वाढवण्याचा मोह होतो. तो टाळावा, इशारा योग्यच असतो, मुदत चुकीची असते. ऑटोवॉर्मची संख्या घटवा किंवा मुदत वाढवा.

पाचवी पायरी किंमत, साठा यांसारख्या आकड्यांसाठी आहे. एकच मूल्य असलेले अंकीय फील्ड केवळ डॉकव्हॅल्यूज (फील्डची मूल्ये स्तंभवार ठेवण्याची रचना) स्वरूपात ठेवले, म्हणजे ते इंडेक्सही केले नाही आणि मूळ रूपात साठवलेही नाही, तर सोलर संपूर्ण दस्तऐवज पुन्हा न लिहिता तेवढाच आकडा जागच्या जागी बदलू शकतो. मात्र त्या फील्डवर मूल्यानुसार गाळणी लावण्याचा वेग कमी पडू शकतो, म्हणून मुख्यतः क्रमवारीसाठी लागणारे आकडे यासाठी निवडा.

वगळलेल्या नोंदींची जागा मोकळी करण्यासाठी रोज रात्री ऑप्टिमाइझ (सेगमेंट सक्तीने एकत्र करण्याची आज्ञा) चालवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. सतत बदलणाऱ्या इंडेक्सवर ती सहसा तोट्याची ठरते, कारण संपूर्ण इंडेक्स पुन्हा लिहिला जातो आणि सकाळपासून नव्या खुणा साचू लागतात. सेगमेंट एकत्र करण्याचे काम ल्यूसीन स्वतःच पार्श्वभूमीवर करत असते. संपूर्ण इंडेक्स नव्याने भरायचा असेल, तेव्हा सॉफ्ट कमिट तात्पुरता बंद ठेवावा आणि भरणा पूर्ण झाल्यावर एकदाच नवा सर्चर उघडावा.