हॅलोविनचा लेझर लावताय? आधी पांढरा पुठ्ठा घेऊन एक चक्कर मारा

अंगणात धूर सोडून त्यावर हिरवा लेझर पसरवला की दलदलीसारखा इफेक्ट मस्त येतो, पण तो प्रकाशाचा पडदा आपल्या कमरेएवढा असला तर चॉकलेट मागायला आलेल्या चार वर्षांच्या पोराच्या बरोबर डोळ्यांसमोर येतो, आणि हे आपल्या उंचीवरून अजिबात लक्षात येत नाही.

१. पोरं यायच्या आधी, धूर बंद ठेवून लेझर चालू करा.
२. वहीएवढा पांढरा पुठ्ठा हात लांब करून जमिनीपासून साधारण ३ फुटांवर धरा आणि गेटपासून दारापर्यंत चालत या. वाकून लेझरकडे बघायचं नाही, फक्त पुठ्ठ्याकडे बघायचं.
३. पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका किंवा रेघ उमटली की लेझर हलवा. नंतर हेच मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर करा, आणि गाडीचे आरसे, खिडकीच्या काचा यांच्या आसपास पण, कारण तिथून किरण सरळ उलटा फिरतो.

सगळ्यात बरं म्हणजे लेझर डोक्याच्या वर पक्का बांधून रिकाम्या भिंतीवर सोडायचा, आकाशात नाही, विमानाच्या पायलटला त्रास होतो.

लेझर किती धोकादायक ते लेबलवरच्या क्लासवरून कळतं; क्लास २ म्हणजे १ मिलीवॅटपर्यंत, तेवढाच घ्या. ३बी किंवा ४ असेल तर घरी लावूच नका. आणि फिरत्या आरशावर पॉइंटर मारून घरी बनवलेला जुगाड तर नकोच, मोटर अडकली की सगळा किरण एकाच जागी थांबतो.