एक हात किंवा पाय नसेल तर स्कूबा गिअर कसा सेट करायचा

डावा हात नसेल तर पहिली अडचण बीसीडीची (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट), कारण त्यात हवा भरायचा-सोडायचा इन्फ्लेटर डावीकडेच येतो. तो उजवीकडे घ्यायचा तर टेक्निशियनकडूनच करून घ्या, घरी जुगाड नको. हवा पटकन सोडायच्या डम्प व्हॉल्व्हच्या दोरीला मोठा गोळा लावला की जाड ग्लोव्ह घालूनही पटकन हाताला लागतो. वेट्स (खाली जाण्यासाठी लावलेली वजनं) त्याच एका हाताने सोडता आले पाहिजेत, डोळे मिटून करून बघा. पाय नसेल तर पाण्यात अंग एका बाजूला कलंडतं, मग अर्धा-अर्धा किलो इकडून तिकडे सरकवत बसायचं, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. वेटसूटची रिकामी बाही कापून शिवून घ्या, नाहीतर आत पाणी खेळत राहतं नि थंडी वाजते. आणि हे सगळं आधी पूलमध्ये, बडी (डायव्हिंगचा जोडीदार) सोबत असताना.