चार्जिंगची टॉर्च घेताना ती तापते कशी, हे पाहावे
मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातला, लोहार चाळीतला दुकानदार टॉर्च छताकडे रोखून दाखवतो, तेव्हा आपल्याला दिसतो तो फक्त पहिल्या काही सेकंदांचा झोत. निवड मात्र पाच मिनिटांनंतर उरणाऱ्या उजेडावरून करावी. एलईडीला मिळणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि ती धातूच्या कवचावाटे बाहेर पडली नाही, तर उजेड आणि आयुष्य दोन्ही घटतात, म्हणून चांगल्या टॉर्चमधले सर्किट तापमान वाढताच उजेड आपोआप कमी करते. हा बिघाड नव्हे. डोक्याजवळ कंगव्यासारख्या खाचा असलेली ॲल्युमिनियमची टॉर्च हाताला गरम लागणे तर चांगलेच लक्षण. प्लास्टिकची गार लागते, कारण उष्णता आतच अडकलेली असते.

खोक्यावर ‘एएनएसआय एफएल 1’ (टॉर्चच्या मोजमापाचे अमेरिकी मानक) असे छापले असेल, तर तिथे दिलेला वेळ हा उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो, हे ध्यानात ठेवून आकडा वाचावा. मुंबईच्या पावसासाठी आयपीएक्स 7 हा, थोडा वेळ पाण्यात बुडूनही टिकण्याचा दर्जा पाहावा. वापरून तापलेली टॉर्च लगेच चार्जिंगला लावू नये. लिथियम-आयन सेल आधी निवू द्यावा.