बॅटरीत सेल बसला म्हणजे चालला असं नव्हे: चार्जिंगचे सेल घेताना या चुका टाळा

आमच्या वाळवा तालुक्यात हातातल्या टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत जातो तो सेल. खालीही मी तसंच लिहिणार आहे, उगाच गोंधळ नको.

शेतीची लाईट रात्रीची असली की उसाला दारं धरायला जावंच लागतं. दोन्ही हात खोऱ्याला गुंतलेले, म्हणून छोटी बॅटरी दातात. सरीत घोणस आहे का पाचट, हे त्या उजेडावर ठरतं. म्हणून सेलच्या बाबतीत मी जरा जास्तच चिकित्सक झालोय, आणि त्याआधी एक चांगली बॅटरी स्वतःच्या हातानं मारलीय.

ती एका पेन्सिल सेलवर चालायची. दुकानात तसाच दिसणारा एक निळा चार्जिंगचा सेल मिळाला, त्यावर १४५०० असं छापलेलं. घातला, अगदी बरोबर बसला. उजेड असा पडला की बांधापलीकडचा आंबा पानापानांनी दिसला. पाचेक मिनिटांत नळी इतकी तापली की दातात धरवेना. उजेड निळसर झाला, जळका वास आला आणि संपलं. १४५०० म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब, पेन्सिल सेलचंच माप. पण तो लिथियम-आयन. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो. माझी बॅटरी १.५ व्होल्टसाठी बनवलेली होती. दोन सेलच्या बॅटरीत असे दोन घातले असते तर ८.४ व्होल्ट झाले असते.

तेव्हा आधी बॅटरीच्या खोक्यावरचं किंवा कागदावरचं व्होल्टेज वाचा. ०.९ ते ४.२ व्होल्ट लिहिलं असेल तर साधा पेन्सिल सेल आणि लिथियम, दोन्ही चालतील. नुसतं १.५ व्होल्ट असेल, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर चार्जिंगचाच, पण निकेल-मेटल हायड्राइडचा सेल घ्या.

‘पण तो १.२ व्होल्टचाच, उजेड कमी पडणार,’ असं दुकानदारही सांगतात. व्यवहारात तसं होत नाही. साधा अल्कलाईन सेल १.५ वर सुरू होतो, पण जोर लागला की भराभर उतरतो. निकेलवाला १.२ च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो. खरी चूक वेगळीच असते: मोठा आकडा बघून २७०० एमएएचचे (एमएएच म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) सेल घ्यायचे, चार्ज करून कपाटात ठेवायचे, आणि दोन-तीन महिन्यांनी गरज पडली की बघावं तर मलूल. ठेवल्या जागी चार्ज धरून ठेवणारे निकेल सेल सॅन्योनं २००५ साली एनेलूप या नावानं आणले, आता इतरही कंपन्या बनवतात. पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ दिसेल. त्यातला २००० एमएएचच्या आसपासचा घ्या. दोन सेल लागत असतील तर जोडी मोडू नका. एक नवा आणि एक जुना घातला की जुना आधी रिकामा होतो, नवा त्याला उलटा ढकलतो आणि तो कायमचा बाद होतो.

यूएसबीनं थेट चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. घड्याळाला, रिमोटला खुशाल वापरा. बॅटरीत मला ते पटत नाहीत, कारण शेवटपर्यंत उजेड तसाच राहतो आणि मग एकदम अंधार. निकेलवाला आधी मंद होतो, तेवढ्यात माणूस फडाबाहेर येतो.

आता जाड सेल, म्हणजे १८६५०, हाही लिथियम-आयनच. त्यावर ९९०० एमएएच छापलं असेल तर तिथंच ठेवून या. चांगल्यात चांगला सेल साधारण ३५०० पर्यंत जातो. खात्री करायची असेल तर वजन करा. खरा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. माझा एक ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तीस ग्रॅमही भरला नाही. वजन बरोबर भरलं म्हणून खरा असेलच असं नाही, कमी भरला तर मात्र खोटाच.

या सेलचं बाहेरचं सगळं पत्र्याचं अंग ऋण असतं, फक्त वरची टोपी धन. मधे पातळ प्लॅस्टिक. ते वरच्या कडेला फाटलं असेल तर सेल वापरू नका. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, मांडी भाजेल. निकेलच्या चार्जरला लिथियम लावायचा नाही, लिथियमच्याला निकेल नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेला सेल लवकर म्हातारा होतो, हे वेगळंच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हापासून घरातली एक तरी बॅटरी साध्या पेन्सिल सेलवर चालणारी ठेवतो. लाईटच नसेल तर चार्जर काय कामाचा? ते साधे सेल तिच्यात घालून मात्र ठेवत नाही, बाजूला ठेवतो. आत राहून पाझरले की स्प्रिंगवर पांढरट खार धरतो. अल्कलाईनचा असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं निघतो, नंतर नीट वाळवायचं.

शेजारचे तात्या परवा बॅटरी घेऊन आले. ‘सेल गेला बघ, नुसती मिणमिणतीय.’ मागची टोपी काढली तर आट्यांत शेतातली माती. जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसली, टोपी घट्ट बसवली.

‘तात्या, सेल चांगलाय. खोरं धुता तशी हीपण पुसत जा.’